आकाशवाणीच्या स्थानिक केंद्राचा इतिहास कसा लिहावा: क्यू शीट, स्पूल आणि माणसं

केंद्र सुरू कधी झालं, या साध्या प्रश्नाला किमान चार उत्तरं मिळतात आणि बहुतेक वेळा चारही खरी असतात. चाचणी प्रसारणाचा पहिला दिवस एक, औपचारिक उद्घाटनाचा दुसरा, भाड्याच्या जागेतून स्वतःच्या इमारतीत आल्याचा तिसरा, आणि मोठा ट्रान्समीटर बसून आवाज शेजारच्या तालुक्यांत पोचला तो चौथा. स्मरणिकेत उद्घाटनाची तारीख छापतात, अभियंत्यांच्या वहीत चाचणीची असते, आणि लोकांच्या लक्षात राहतो तो आपल्या घरी पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आल्याचा दिवस. यातलं कुठलंही एक उत्तर उचललं की पुढचं सगळं लिखाण वाकडं जातं.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक मोठी वही किंवा स्प्रेडशीट उघडा. एका ओळीत एकच घटना. रकाने पाच: काय घडलं, कोणत्या तारखेला, ही माहिती कुठे मिळाली, तो कागद मुळात कधी लिहिला गेला, आणि तुमची खात्री किती. चौथा रकाना कधीही रिकामा सोडू नका. त्याच रात्री ड्यूटी रूममध्ये लिहिलेली नोंद आणि रौप्यमहोत्सवी अंकात पंचवीस वर्षांनी लिहिलेली आठवण यांचं वजन सारखं नसतं, पण नुसती तारीख टिपून ठेवली तर दोन महिन्यांनी कुठली कशावरून घेतली ते आठवत नाही.

आधी मोठ्या चौकटीतले खुंटे ठोका

काही तारखा पक्क्या माहीत असल्या की स्थानिक चुका आपोआप पकडता येतात. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचं. कंपनी १९३० मध्ये बुडाली, प्रसारण सरकारने हाती घेतलं, आणि ऑल इंडिया रेडिओ हे नाव ८ जून १९३६ ला आलं. तेव्हा १९२७ साली मुंबईत ‘ऑल इंडिया रेडिओ’ सुरू झालं, असं लिहिणं चूक. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला आलेल्या सहा केंद्रांपैकी आजच्या महाराष्ट्रातलं एकटं मुंबई होतं. नागपूर १९४८ मध्ये आलं, पुणे २ ऑक्टोबर १९५३ ला, सांगली १९६३ मध्ये.

विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. तिच्यावर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि त्याही पहिल्यांदा मुंबई, पुणे, नागपूर इथेच. देशातलं एफएम प्रसारण २३ जुलै १९७७ ला मद्रासमध्ये सुरू झालं. जिल्ह्यापुरतं ‘स्थानिक केंद्र’ ही कल्पना ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतल्या नागरकोविलला प्रत्यक्षात आली. बीड, नांदेड, सातारा, कोल्हापूर ही आपली एफएमवरची स्थानिक केंद्रं त्यानंतरची. तेव्हा कोणी ‘आमच्या गावच्या एफएमवर आणीबाणीच्या बातम्या ऐकल्या’ असं सांगितलं तर माणूस खोटं बोलत नसतो. मीडियम वेव्हवर दुसऱ्या केंद्राच्या बातम्या ऐकलेल्या असतात आणि आठवणीत केंद्र बदललेलं असतं. आठवण नोंदवा, पण शेजारी ही तारीख लिहा. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती २३ नोव्हेंबर १९९७ रोजी अस्तित्वात आली, त्यामुळे त्याआधीच्या मंजुरीच्या फायली माहिती व नभोवाणी खात्याच्या नावाने शोधाव्या लागतात.

कागद: ठरलेलं आणि झालेलं

केंद्रातल्या कागदांची एक उतरंड असते. वर एफपीसी, म्हणजे फिक्स्ड पॉइंट चार्ट: कोणत्या वारी किती वाजता कोणत्या प्रकारचा कार्यक्रम याचा कायमचा आराखडा. त्यावरून कार्यक्रमांचं वेळापत्रक बनतं. वेळापत्रकावरून प्रत्येक सभेची, म्हणजे दिवसातल्या प्रत्येक प्रसारणसत्राची, क्यू शीट बनते, त्यात मिनिटा-मिनिटाचा हिशेब, टेपचा क्रमांक, कलाकारांची नावं. आणि शेवटी लॉगबुक, म्हणजे ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने प्रत्यक्षात काय घडलं ते लिहिलेलं.

पहिल्या तीन कागदांत ‘ठरलेलं’ असतं, चौथ्यात ‘झालेलं’. हा फरक विसरल्यामुळे सर्वात जास्त चुका होतात. वर्तमानपत्रातला ‘आजचे रेडिओ कार्यक्रम’ हा रकानासुद्धा ठरलेल्याच बाजूला मोडतो. बुधवार, २७ मे १९६४ च्या सकाळच्या अंकात त्या रात्रीचे कार्यक्रम छापलेले सापडतील. त्या दुपारी पंडित नेहरूंचं निधन झालं आणि देशभर दुखवट्याचं प्रसारण सुरू झालं. छापलेल्या रकान्यावरून ‘त्या रात्री आमच्या केंद्राने अमुक श्रुतिका सादर केली’ असं लिहिलं तर न झालेली गोष्ट इतिहासात जाते. दुखवटा, पूर, वीज जाणं, कलाकार न पोचणं, दिल्लीची लाइन तुटणं हे सगळं फक्त लॉगबुकात असतं. ‘टेप तुटली, ३ मिनिटे वाद्यसंगीत’ अशा एका ओळीत केंद्राचा तो दिवस जसाच्या तसा हाती लागतो.

दुसरं लॉगबुक बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. स्टुडिओ गावात आणि ट्रान्समीटर गावाबाहेर मोकळ्या जागी, अशी मीडियम वेव्ह केंद्रांची रचना असते. ट्रान्समीटरवरची वही वेगळी: ठरावीक वेळाने मीटरची वाचनं, वाहक लहर किती सेकंद तुटली, डिझेल जनरेटर कधी लावला. वरवर रूक्ष वाटते, पण शक्तिवाढ कधी झाली, चाचणी प्रसारण कोणत्या तासाला सुरू झालं, मनोरा कोसळल्यावर किती दिवस कमी शक्तीवर काम चाललं, याचं निर्विवाद उत्तर तिथेच मिळतं. त्या कपाटापर्यंत जा.

सरकारी कार्यालयात ठरावीक मुदतीनंतर कागद नष्ट करतात. त्यामुळे ‘जुने लॉगबुक द्या’ असं मागण्याआधी ‘कोणत्या वर्षांचे कोणते दस्तऐवज शिल्लक आहेत आणि कोणते कधी नष्ट केले त्याची यादी’ मागा. आधी केंद्रप्रमुखांना साधं पत्र द्या, बहुतेक ठिकाणी तेवढ्याने दार उघडतं. नाहीच उघडलं तर माहिती अधिकार कायदा, २००५. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या कार्यालयासाठी अर्जाची फी १० रुपये, अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ए-४ आकाराच्या प्रतीला पानामागे २ रुपये. शेकडो पानांच्या झेरॉक्स मागण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहणी मागा: पहिला तास मोफत, पुढे तासाला ५ रुपये. वही हातात आल्यावर कोणती पानं हवीत ते कळतं, आधी कळत नाही.

केंद्रातलं सगळं गेलेलं असलं तरी तीन दारं उघडी राहतात. पहिलं, कलाकारांची घरं. आकाशवाणीचा करारपत्राचा कागद कलाकार जपून ठेवतात, कारण तो मानाचा कागद असतो. त्यावर कार्यक्रमाचं नाव, ध्वनिमुद्रणाची आणि प्रसारणाची तारीख, अवधी आणि मानधन असतं. गावातल्या दहा गायक, वक्ते, नाट्यकलाकारांकडून असे कागद गोळा केले तर एका दशकाचा सांगाडा उभा राहतो. दुसरं, आकाशवाणीचं स्वतःचं इंग्रजी नियतकालिक. डिसेंबर १९३५ पासून ते ‘द इंडियन लिसनर’ नावाने निघे आणि जानेवारी १९५८ पासून ‘आकाशवाणी’ नावाने. त्यात केंद्रवार कार्यक्रम आणि फ्रिक्वेन्सी छापत, आणि स्कॅन केलेले बरेच अंक इंटरनेटवर मिळतात. हेही ‘ठरलेल्या’ बाजूचं साधन, हे ध्यानात असू द्या. तिसरं, एखाद्या प्रकल्पाचा छापील अहवाल. पुणे केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. १५० गावं, आठवड्यातून दोनदा, एकूण २० कार्यक्रम, आणि मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. असा प्रयोग तुमच्या भागात झाला असेल तर केंद्रातला कागद जळून गेला तरी मूल्यमापन करणाऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात अहवाल असतो.

कागदांचे फोटो काढताना वही सपाट करण्यासाठी कणा दाबू नका. दोन्ही बाजूंना पुस्तकांचा आधार द्या आणि पान वरून, खिडकीच्या आडव्या उजेडात घ्या. फ्लॅश नको, सायक्लोस्टाइलची फिकट शाई त्यात उडून जाते. पहिला फोटो नेहमी मुखपृष्ठाचा, शेवटचा शेवटच्या पानाचा, आणि मधली कोरी पानंही घ्यायची, नाहीतर पान सुटलं की कोरं होतं हे नंतर ठरवता येत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

तारीख नसलेल्या गोष्टीला तारीख कशी लावायची

इथे थोडा वेळ घालवा, कारण आकाशवाणीच्या कागदांत आणि ध्वनिमुद्रणांत तारखेचे धागे बरेच असतात, आणि ते इतरत्र मिळत नाहीत.

पहिला धागा फ्रिक्वेन्सीचा. जिनिव्हात १९७५ साली ठरलेली मीडियम वेव्हची नवी आखणी २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. आशिया, युरोप, आफ्रिकेत केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ झालं आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला नऊने भाग जाऊ लागला. पुण्याचं ७९२, नागपूरचं ५८५, सांगलीचं १२५१, मुंबईचे ५५८ आणि १०४४: सगळ्यांना नऊने भागून पाहा. भारतात त्याआधीची आखणी १० किलोहर्ट्झची होती. तेव्हा लेटरहेडवर किंवा श्रोत्याच्या पत्रात शून्याने संपणारा आणि नऊने भाग न जाणारा आकडा दिसला तर कागद १९७८ च्या आधीचा, किंवा जुनं लेटरहेड संपेपर्यंत वापरलेलं. उलट ७९२ सारखा आकडा असेल तर नंतरचा. ५४०, ६३०, ७२०, ८१० अशा आकड्यांना दोन्हींनी भाग जातो, तिथे हा नियम काही सांगत नाही. आकडा मीटरमध्ये दिला असेल तर ३,००,००० ला त्याने भागा, किलोहर्ट्झ मिळतात. ३७८.८ मीटर म्हणजे ७९२. ‘किलोसायकल’ हा शब्दसुद्धा जुनेपणाची खूण आहे, पण सैल खूण. लोक तो शब्द पुढेही बरीच वर्षं वापरत राहिले.

दुसरा धागा शकाचा, आणि तो फार कामाचा. २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली आणि आकाशवाणीच्या उद्घोषणेत इंग्रजी तारखेबरोबर सौर दिनांक आणि शक सांगू लागले. त्यामुळे टेपवर सभेची सुरुवात असेल तर वर्ष अनेकदा निवेदकच सांगतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. फक्त १ जानेवारी ते साधारण २१ मार्च या काळात ७९ मिळवायचे. ‘१० अश्विन, शके १८९९’ ऐकू आलं तर १८९९ अधिक ७८, म्हणजे १९७७. सौर अश्विन २३ सप्टेंबरला सुरू होतो, म्हणून १० अश्विन म्हणजे २ ऑक्टोबर. हा सौर अश्विन आहे, पंचांगातला चांद्र आश्विन नव्हे. ‘अश्विन’ ऐकून दसरा-दिवाळीशी सांगड घालायला गेलात तर तारीख काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी चुकते.

तिसरा धागा वाराचा. शक ऐकू येत नसेल आणि फक्त ‘आज रविवार, २ ऑक्टोबर’ एवढंच हाती असेल, तर १९५५ ते १९९० या काळात १९५५, १९६०, १९६६, १९७७, १९८३, १९८८ हीच वर्षं उरतात. त्यात निवेदकाची नेमणूक कधीची आणि फ्रिक्वेन्सी कोणती सांगितली हे घातलं की सहसा एकच वर्ष शिल्लक राहतं. वार, शक आणि फ्रिक्वेन्सी या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच खात्रीच्या रकान्यात ‘पक्की’ लिहा.

स्पूल हातात आल्यावर

जुनी ध्वनिमुद्रणं कमी का सापडतात, याचं मुख्य कारण बुरशी किंवा आग नाही. टेप महाग होती, म्हणून कार्यक्रम झाला की पुसून पुन्हा वापरत. त्यामुळे डब्यावरचं लेबल आणि आतला आवाज जुळेलच असं नाही. डब्यावरचं, स्पूलवरचं (टेप गुंडाळलेल्या चकतीवरचं) आणि आत ठेवलेल्या चिठ्ठीवरचं लिखाण तीन वेगळ्या ओळींत टिपा. ऐकण्याआधी एकालाही खरं धरू नका.

टेप पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंद. स्पूल उजेडासमोर कडेने धरून पाहा. टेपची पट्टी दोन प्रकारच्या प्लॅस्टिकची असते: गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट, अपारदर्शक दिसली तर बहुधा पॉलिस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती आतून विघटित होत आहे, आणि तो वास शेजारच्या टेपांनाही बाधतो. अशी स्पूल वेगळी ठेवा आणि सर्वात आधी डिजिटाइझ करा. ॲसिटेट ओढली गेली की कटकन तुटते, पण कडा स्वच्छ राहतात आणि जोडता येते. पॉलिस्टर तुटण्याआधी ताणली जाते, आणि ताणलेला भाग परत येत नाही.

साधारण १९७० च्या मध्यापासून पुढच्या काही पॉलिस्टर टेपांचा वेगळा आजार आहे. दमट हवेमुळे चुंबकीय थर धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ पाणी शोषतो आणि चिकट होतो. मशीनवर लावली की टेप किंचाळते, हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी मळ साचतो आणि आवाज बुजत जातो. हे ऐकू आलं की त्याच क्षणी थांबवा, कारण तो मळ म्हणजेच आवाज आहे. अशी टेप सुमारे ५४ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा अधिक काळ कोरड्या उष्णतेत ठेवून, तेवढाच वेळ थंड होऊ देऊन, काही आठवड्यांच्या आत उतरवून घेतात. हे काम नियंत्रित तापमानाच्या प्रयोगशाळेतल्या इनक्युबेटरमध्येच करायचं. घरच्या ओव्हनचं तापमान मागेपुढे होतं आणि टेप कायमची बिघडू शकते. ॲसिटेट टेपला ही उष्णता कधीही देऊ नये, ती आकसून कायमची जाते.

पांढरे किंवा करडे ठिपके दिसले तर बुरशी. कोकणात आणि पावसाळी भागांत हे नेहमीचं. मास्क घाला, ती स्पूल पिशवीत बंद करून वेगळ्या खोलीत ठेवा, आणि साफ केल्याशिवाय मशीनवर लावू नका, नाहीतर पुढच्या प्रत्येक टेपला लागण होते.

बरी दिसणारी स्पूलसुद्धा खोलीच्या तापमानाला एक दिवस राहू द्या. हेड आणि टेप जाते ती वाट प्रत्येक स्पूलआधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल नको, त्याने रबर कडक होतं. किंचित साबणाचं पाणी आणि मग कोरडं कापड पुरे. अनोळखी टेपवर फास्ट फॉरवर्ड कधीही दाबू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपच्या जोडांवरचा गोंद वाळलेला असतो आणि वेगात प्रत्येक जोड सुटत जातो. सुटलेला तुकडा नवीन स्प्लायसिंग टेपने पाठीच्या बाजूने जोडा. सेलोटेपचा गोंद कडेने झिरपतो आणि शेजारचे वेटोळे चिकटतात.

मग वेग. सात इंची स्पूलवर जाड टेप १२०० फूट बसते आणि सेकंदाला साडेसात इंच वेगाने ३२ मिनिटं चालते. साडेदहा इंची स्पूलवर २५०० फूट, ती १५ इंच वेगाने सुमारे ३३ मिनिटं. क्यू शीटवर कार्यक्रम २९ मिनिटांचा असेल आणि सात इंची स्पूल भरलेली असेल तर वेग साडेसात, हे मशीन लावायच्या आधी कळतं. वेग दुप्पट-निमपट चुकला तर कानाला लगेच कळतं. थोडा चुकला तर गायकाचा स्वर अर्ध्या श्रुतीने सरकतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रम उघडा आणि विजेच्या गुणगुणीची रेघ शोधा. ती ५० हर्ट्झच्या आसपास हवी. ४७ किंवा ५३ दिसली तर मशीन तपासा. अर्धा-पाऊण हर्ट्झ कमी दिसली म्हणून वेग बदलू नका. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीच पूर्वी ५० च्या खाली घसरायची.

घरगुती मशीनवर दोन्ही बाजूंनी भरलेली टेप स्टुडिओच्या पूर्ण-ट्रॅक हेडवर (टेपची सगळी रुंदी एकदम वाचणाऱ्या) लावली की आवाजामागे कोणीतरी उलटं बोलतंय असं ऐकू येतं. टेप बिघडलेली नसते, दुसरी बाजू सोबत वाजत असते. दोन-ट्रॅकच्या हेडवर लावा. आवाज मातीत गाडल्यासारखा येत असेल तर हेडचा कोन, म्हणजे अझिमथ, जुळत नाही. ‘स’, ‘श’ची धार सर्वात स्पष्ट ऐकू येईपर्यंत स्क्रू हलका फिरवा. हे प्रत्येक स्पूलला नव्याने करावं लागतं, कारण प्रत्येक टेप वेगळ्या मशीनवर भरलेली असते.

मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. मोनोला तासाला साधारण १.०४ गिगाबाइट लागतात. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मूळ प्रतीवर खरखर कमी करणारा फिल्टर लावायचा नाही, एमपी३ आणि साफसफाई नंतरच्या प्रतीवर. पहिल्याच वाजवण्याला रेकॉर्डिंग चालू ठेवा. काही टेपा एकदाच वाजतात. काम संपल्यावर टेप वेगाने मागे न गुंडाळता शेवट बाहेर राहील अशीच ठेवा. शेजारच्या वेटोळ्यांतून उमटणारा भुताटकी आवाज मग बोलण्याच्या आधी न येता मागून येतो आणि कमी जाणवतो.

स्पूल मिळाल्या नाहीत तर श्रोत्यांच्या कॅसेटकडे वळा. टेपरेकॉर्डर रेडिओला लावून भरलेल्या सी-६० आणि सी-९० कॅसेट पुष्कळ घरांत आहेत, आणि कित्येक कार्यक्रमांची ती एकमेव प्रत असते. आतली फेल्टची गादी गळून पडलेली असेल तर आवाज दबलेला येतो. तेव्हा टेप चांगल्या खोक्यात हलवा, मोठ्या आवाजात वाजवून पाहू नका. लोक नेमकं गाणं भरायला जातात आणि चुकून आधीची बातमी, वेळेची घोषणा, जाहिरात भरली जाते. ते तुकडे कापू नका. तारीख त्यांतच असते.

माणसांकडे जाताना

एवढं हाती घेऊन मग मुलाखतीला जा. निवेदक आणि कार्यक्रम अधिकारी यांच्याकडे सगळेच जातात. अभियंते, टेप लायब्ररी सांभाळणारे, ड्यूटीची गाडी चालवणारे, पहाटे स्टुडिओ उघडणारे शिपाई यांच्याकडे कोणी जात नाही, आणि रोजचं काम कसं चाले ते त्यांनाच माहीत असतं. वयाने सर्वात मोठे असतील त्यांच्यापासून सुरुवात करा, सोयीच्या क्रमाने नव्हे.

‘तेव्हाचे दिवस कसे होते?’ विचारलं की शंभर वेळा सांगितलेलं उत्तर मिळतं. ‘पहिली सभा सुरू व्हायच्या किती आधी तुम्ही यायचात? आत आल्यावर पहिला कोणता खटका दाबायचात? क्यू शीट कुठे टांगलेली असे? लाल दिवा लागल्यावर खोकला आला तर काय करायचात?’ असं विचारलं की माणूस थांबतो, हात हवेत फिरवून खटक्याची जागा दाखवतो, आणि मग खरं सांगू लागतो. कागद-पेन्सिल देऊन स्टुडिओचा नकाशा काढायला सांगा. दोन माणसांचे नकाशे जुळले नाहीत तर मधे केव्हातरी स्टुडिओत फेरबदल झालेला असतो, आणि तो कधी झाला हा तुमचा पुढचा प्रश्न. सोबत लॉगबुकाच्या एका पानाचा फोटो आणि दोन मिनिटांचा आवाज न्या. नावं आठवत नसलेली माणसं आवाज ओळखतात.

बैठक दीड तासाच्या वर लांबवू नका. पंखा बंद ठेवा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं बोलून भरा. वापराची लेखी संमती त्याच दिवशी घ्या. सांगणाऱ्याने ‘हे छापू नका’ म्हटलेला भाग वेगळा काढा आणि शब्द पाळा. तारखेवर वाद घालू नका. त्यांची तारीख वहीत लिहा, कागदावरची शेजारी लिहा.

हक्क आणि मांडणी

आवाज इंटरनेटवर टाकण्याआधी हक्क पाहा. स्वामित्वहक्क कायद्यात प्रसारणाचा स्वतंत्र हक्क २५ वर्षांचा आहे, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून ६० वर्षांचा, सादर करणाऱ्या कलाकाराचा ५० वर्षांचा, आणि लेखक-संगीतकाराचा मृत्यूनंतर ६० वर्षांचा. जुन्या नभोनाट्यात हे चारही हक्क एकावर एक असतात, एक संपला म्हणून बाकीचे संपत नाहीत. आकाशवाणीकडून आणि वारसांकडून लेखी परवानगी येईपर्यंत आवाज जतन करा, प्रसिद्ध करू नका.

लिहिताना केंद्रप्रमुखांच्या कारकिर्दीनुसार प्रकरणं पाडायची सवय टाळा. श्रोत्याला केंद्रप्रमुख बदलल्याचं कळलेलं नसतं. त्याला नवीन सभा, नवीन फ्रिक्वेन्सी, शेतीचा कार्यक्रम पाच मिनिटांनी वाढल्याचं कळलेलं असतं. त्या वळणांवर प्रकरणं तोडा, आणि प्रत्येक प्रकरणात एका दिवसाची क्यू शीट पहिल्या घोषणेपासून शेवटच्या निरोपापर्यंत पूर्ण छापा. ती जितकी साधी तितकी चांगली. विशेष दिवसांच्या नोंदी सगळीकडे मिळतात, एखाद्या मंगळवारची कुठेच मिळत नाही.

दोन साधनं भांडत असतील तर दोन्ही द्या आणि कोणतं का मानलं ते एका वाक्यात सांगा: ‘उद्घाटनाची तारीख स्मरणिकेत १५ आणि ट्रान्समीटरच्या वहीत १४ आहे. वही त्याच दिवशी लिहिलेली असल्याने १४ धरली.’ जिथे कागद नाही तिथे ‘आठवणीनुसार’ हा शब्द वाक्यातच ठेवा, तळटीपेत लपवू नका.

जमवलेल्या फायलींच्या तीन प्रती करा: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढून मजकुराच्या फाइलीत ठेवा आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर पुन्हा ताडून पाहा. फाइलच्या नावात केंद्र, वर्ष-महिना-दिवस, स्पूल क्रमांक आणि बाजू एवढंच. तारीख कळलेली नसेल तर तिथे शून्यं लिहा, अंदाज लिहू नका. मूळ स्पूल, कॅसेट आणि करारपत्रं ज्यांची त्यांना परत द्या, सोबत डिजिटल प्रत आणि त्यांच्या वस्तूवर काय सापडलं त्याची एका पानाची नोंद. ते पान वाचून बहुतेक घरांतून महिन्याभरात आणखी एक डबा निघतो.